शेवटून पहिला आलेला बैल

चैत्र लागला की आमच्या आजोळच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण ठरलेलं असतं. आजोळ खेड तालुक्यातलं, त्यामुळे यात्रांचा सीझन म्हणजे बैलगाड्यांचा सीझन, आणि ग्रुपवर सकाळपासून नुसते व्हिडिओ, कुणाचा गाडा किती सेकंदात गेला, कुणाची घोडी मागं राहिली, कुठल्या घाटात निशाण पडायला उशीर झाला म्हणून राडा झाला वगैरे. मग मुंबईकडचा एखादा भाऊ कुठूनतरी बैलाची शेपटी पिरगाळतानाचा व्हिडिओ टाकतो आणि खाली लिहितो, हे आपले संस्कार का? त्याच्यावर लगेच गावाकडून उत्तर येतं, आधी रविवारची कोंबडी बंद कर मग आम्हाला शिकव. मग कुणीतरी शंभूराजांचा फोटो टाकतं, कुणीतरी गुड मॉर्निंग टाकतं, आणि पुढच्या यात्रेपर्यंत विषय संपतो.

मी त्या ग्रुपवर कधी काही लिहीत नाही, एक तर मी भाची आणि त्यातून पुण्यात राहते, म्हणजे दोन्ही बाजूंनी माझं मत मोजलं जाणार नाही हे नक्की. पण डोक्यात हा विषय बरीच वर्षं फिरतोय, कारण मला शर्यत बघायला आवडते. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. घाटाच्या कडेला उभं राहून, खालून तो भिर्रर्र चा गजर उठला आणि धुरळ्यातून चार बैल सुटले की माझ्याही पोटात गोळा येतो, माझाही हात आपोआप वर जातो. आणि त्याच क्षणी मला हेही दिसत असतं की त्या चारातल्या एकाही बैलाला कुणी विचारलेलं नाहीये.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्रात बैलांची शर्यत ही एक गोष्ट नाहीच. आमच्याकडे, म्हणजे खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ भागात घाट असतो, चढाचा आखलेला ट्रॅक, त्यावर एका वेळी एकच गाडा पळतो, चार बैल आणि पुढे घोडी, आणि स्पर्धा घड्याळाशी. साताऱ्या-सांगलीकडे मैदान असतं, तिथं दोन बैलांचा हलका छकडा, अनेक गाड्या शेजारशेजारच्या फाट्यांवरून एकदम सुटतात, गट, सेमी, फायनल असं सगळं क्रिकेटसारखं चालतं. विदर्भात शंकरपट. रायगड-ठाण्याकडे बिनजोड, आणि अलिबागच्या बाजूला तर समुद्राच्या वाळूवर. आमच्या घाटवाल्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, आमच्या गाड्यावर बहुतेक वेळा कुणी बसतच नाही, मग मारतो कोण? बैल स्वतःहून पळतात. हे खोटं नाही. खरोखरच निशाणापर्यंतच्या त्या अकरा-बारा सेकंदांत बैलांच्या मागे माणूस नसतो.

पण खाली जुपणीच्या जागी असतात ना माणसं. मी एकदा मामाच्या मागे लागून तिथं खाली गेले होते (बायकांनी तिथं जायचं नसतं असं नाही, पण जात नाहीत). चार बैल जुंपायला किती माणसं लागतात हे वरून कळत नाही, एकेका बैलाला दोन-तीन जण शिंगाला, वेसणीला, कासऱ्याला लोंबकळलेले असतात आणि तरी तो त्यांना फरफटवतो. बैल पुन्हा पुन्हा शेण टाकतो, आणि ते नेहमीसारखं घट्ट नसतं, पातळ असतं. डोळ्याचं पांढरं दिसायला लागतं. एरवी गाई-बैलांचं पांढरं पापण्यांच्या आड असतं, शांत बसलेल्या बैलाकडं बघा, सगळा डोळा काळाभोर दिसतो. इथं पांढरी कड दिसते. स्पीकरवर निवेदक ओरडत असतो, हलगी वाजत असते, आणि गाय-बैलाचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात, आपल्याला ऐकू येत नाहीत इतक्या वरच्या पट्टीतले आवाज त्यांना ऐकू येतात, म्हणजे जो गोंगाट माझ्याच कानाला झेपत नव्हता तो त्याला कसा वाटत असेल.

मी मामाला विचारलं, मामा, हा घाबरलाय का? मामा म्हणाला, "घाबरलाय कुठं, चेव आलाय त्याला. मैदान बघितलं की असंच करतो, त्याला कळतंय."

आता गंमत अशी की मामा चुकीचा आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. भीतीनं आणि चेवानं अंगात जे होतं ते वरून जवळपास सारखंच दिसतं, छाती धडधडते, डोळे विस्फारतात, पोट ढिलं होतं. परीक्षेच्या आधी आपलंही होतं आणि लग्नाच्या आधीही होतं. बैलाच्या अंगातले ताणाचे हार्मोन मोजले तरी ते एवढंच सांगतील की जनावर पेटलंय, कशानं पेटलंय ते नाही सांगणार. मामा त्या बैलाला खोंड असल्यापासून बघतोय, त्याची एकूण एक सवय त्याला माहितीय. पण मामाला तो चेव असावा असंच वाटणार, कारण नाहीतर त्याचं सगळंच कोसळतं. प्रेम करणाऱ्याची साक्ष म्हणूनच अवघड असते, ती खोटी नसते पण ती एका बाजूची असते.

आणि प्रेम आहे हो. शहरातल्या प्राणिमित्रांना इथं एक गोष्ट कळत नाही किंवा कळून घ्यायची नसते. शर्यतीच्या बैलाची बडदास्त मी घरात बघितलेली आहे. पहाटे चारला मामी उठायची ती बैलासाठी. दूध, गावठी अंडी, उडदाचं पीठ, खारीक, कणकेचे गोळे, शेंगदाण्याची पेंड. बैलाला दूध पाजतात हे माझ्या ऑफिसातल्या लोकांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. गोठ्यात पंखा, डासांसाठी जाळी, आठवड्यातून पोहणी, पाय चोळायला वेगळं तेल. मामी एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून एवढी अंडी कुणी घातली नव्हती मला." हसत म्हणाली, पण मामाकडं बघून म्हणाली. बैलाचा वाढदिवस होतो, चौकात फ्लेक्स लागतो, खाली शुभेच्छुक म्हणून गावातल्या पोरांचे गॉगलवाले फोटो. बकासूर, मथुर या बैलांची नावं महाराष्ट्रातल्या पोरासोरांना पाठ आहेत, इन्स्टावर त्यांच्या रील्सना जे व्ह्यूज असतात ते नटनट्यांनाही मिळत नसतील.

तर हे क्रूर लोक आहेत असं म्हणून विषय उडवून लावता येत नाही. पण प्रेम आहे म्हणून प्रश्नच नाही असंही नाही, आणि आपल्याकडची सगळी चर्चा या दोन टोकांवरच अडकलेली आहे असं मला वाटतं. कोर्टातसुद्धा.

कोर्टाची गोष्ट थोडी सांगायला हवी कारण ती चांगलीच लांबली. प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये याचा आपला मूळ कायदा १९६० चा. त्यात जनावराला छळलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. अजूनही तेवढाच. त्याच कायद्यात एक कलम आहे की सरकार काही प्राण्यांना खेळासाठी वापरायला बंदी घालू शकतं, त्या यादीत जुलै २०११ मध्ये बैल घातला गेला. मग ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा तो गाजलेला निकाल, ज्यात तमिळनाडूचं जल्लीकट्टू (गर्दीत सोडलेल्या बैलाच्या वशिंडाला लोंबकळायचा खेळ) आणि आपल्या बैलगाडा शर्यती दोन्ही एका फटक्यात बंद. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती घोष यांचं ते खंडपीठ होतं. त्यांनी म्हटलं की बैलाची शरीररचनाच पळायची नाही, तो ओझं ओढणारा, रवंथ करणारा प्राणी आहे, तो शर्यतीत पळतो ते भीतीनं आणि वेदनेनं. जगण्याचा हक्क प्राण्यालाही आहे इथपर्यंत ते गेले. मग २०१७ मध्ये जल्लीकट्टूसाठी चेन्नईत मरीना बीचवर लाखोंची गर्दी, तमिळनाडूनं आपला कायदा बदलला, पाठोपाठ महाराष्ट्रानंही बदलला, पण आपला हायकोर्टात अडकला आणि आपल्या शर्यती सुरू व्हायला १६ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. शेवटी १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं की राज्यांचे बदललेले कायदे वैध आहेत, परंपरा आहे की नाही हे विधिमंडळानं ठरवायचं, आणि प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असं आपली राज्यघटना म्हणत असल्याचं काही आम्हाला दिसत नाही.

म्हणजे नऊ वर्षांत जगण्याचा हक्क बैलाला मिळाला आणि गेलाही. त्याला अर्थातच यातलं काही कळलं नाही.

२०१४ च्या निकालातला तो शरीररचनेचा मुद्दा मला तेव्हाही खटकला होता. घोडा पळण्यासाठीच बनलाय, बैल नाही, असा त्याचा सूर. आता बैल घोड्यासारखा पळणारा नाही हे खरंच आहे, पण मग घोड्याला चालेल असं कसं? मुंबईत महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ पासून आहे, तिथं हातात चाबूक असतोच, फक्त तो कसा असावा आणि किती वेळा उगारावा याचे नियम असतात. घोड्यांवर लावलेल्या पैशालाही १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे कौशल्याचं काम आहे, जुगार नाही असं म्हटलेलं आहे. डर्बीच्या दिवशी टोप्या घालून, फोटो काढून घेत लोक जातात आणि पेपरात तिसऱ्या पानावर फॅशनची बातमी येते. आणि आमच्या घाटावर मात्र पोलिसांच्या गाड्या यायच्या. बंदीच्या काळात गावातली माणसं ज्या रागानं बोलायची तो राग बैलांपेक्षा या गोष्टीचा जास्त होता, तुमचा घोडा तो स्पोर्ट आणि आमचा बैल तो गुन्हा. हा राग मला तरी पटतो. फक्त त्याचं उत्तर दोन्ही चालू द्या हे आहे की दोन्हीकडे नीट बघा हे आहे, एवढाच प्रश्न.

बरं, घोड्यावरून आठवलं. आमच्या घाटात गाड्याच्या पुढं जी घोडी पळते तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. बैलांसाठी नियम आले, पशुवैद्यकाचा दाखला, अंतराची मर्यादा एक हजार मीटर, काठी चाबूक पिना काही चालणार नाही, करंट द्यायचा नाही. छळ झाला तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. चांगलंय. पण मागून चार बैल अंगावर येतायत, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, आणि तिनं त्यांच्या पुढंच राहायचं, कारण पाय अडखळला तर वरून गाडा जाणार. घोडी पडल्याचे व्हिडिओ असतात, लोक ते दोन वेळा बघून पुढं ढकलतात. ना तिचा फ्लेक्स, ना वाढदिवस. पब्लिक सगळं बैलासाठी आलेलं असतं.

कोंबडीच्या मुद्द्याकडं येते, कारण तो मुद्दा फालतू नाही. ब्रॉयलर कोंबडी चाळीसेक दिवसांत कापायला तयार होते, तिच्या आख्ख्या आयुष्यात तिनं माती बघितलेली नसते. तिच्यापुढं मामाचा बैल म्हणजे संस्थानिकच. मी कोंबडी खाते, म्हणून मला बोलायचा अधिकार नाही असं म्हणणं असेल तर मग बोलायला फारच थोडी माणसं उरतील आणि तीही बहुतेक शर्यतीला न गेलेली असतील. पण मला वाटतं फरक इथं आहे की खाण्याला निदान भुकेचं कारण आहे, कारण म्हणून ते लंगडं असेल पण आहे. करमणुकीला तेही नाही. आपल्याला मजा येते, बस. मजा हे कारण वाईट नाही, पण इतकं हलकं कारण असेल तर त्याच्यासाठी दुसऱ्याच्या अंगावर किती टाकायचं याचा हिशोब जास्त कडक हवा, आपण तो उलटा करतो, कोंबडीच्या वेळी डोळे मिटलेत ना मग इथंही मिटा.

सर्कशीचं काय झालं ते बघा. आपल्याला आता आठवत नाही पण भारतातल्या सर्कशीची सुरुवातच मराठी माणसानं केली, विष्णुपंत छत्रे, १८८० साल. शंभर वर्षं वाघ-सिंहांशिवाय सर्कस ही कल्पनाच नव्हती. मग नव्वदच्या दशकात वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांचे खेळ बंद झाले, २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते उचलून धरलं. तेव्हाही परंपरा, पोट, लोकांचं प्रेम हेच सगळं बोललं गेलं होतं आणि ते खरंही होतं. आज कुठल्या मुलाला सिंहाची आठवण येते? सर्कस त्यामुळं मेली म्हणतात, पण सर्कशीला टीव्ही आणि मोबाईलनेही मारलंच असतं. दरवेशी आणि त्याचं अस्वल माझ्या आईच्या पिढीनं बघितलं, नाकातून दोरी घातलेलं अस्वल, आई सांगते आम्ही पैसे टाकायचो आणि केस मागायचो ताईतासाठी. आज ते बघायला मिळावं असं आईलाही वाटत नाही. तिकडं गोव्यात धिरयो, म्हणजे बैलांची झुंज, १९९६ मध्ये माणूस मेल्यावर हायकोर्टानं बंद केली, ती अजूनही शेतात चोरून चालते आणि अधूनमधून तिला कायदेशीर करा अशी मागणी तिथल्या विधानसभेत होते. मालकांचं प्रेम तिथंही कमी नाही, तेल लावून, नाव ठेवून, मुलासारखं वाढवतात आणि मग दुसऱ्याच्या मुलावर सोडतात.

पण सर्कशीच्या बाबतीत एक गोष्ट झाली जी आपण विसरतो. प्राणी काढून घेतले म्हणजे ते कुठंतरी ठेवावे लागले. त्यांच्यासाठी बचाव केंद्रं उघडली, म्हातारे, दात गेलेले सिंह तिथं मरेपर्यंत सांभाळले गेले. जागा कमी पडली, पैसे कमी पडले, सगळं छान झालं असं मुळीच नाही, पण निदान हा प्रश्न कुणालातरी पडला की खेळ थांबल्यावर या जनावराचं काय. बैलांच्या बाबतीत हा प्रश्न २०१४ ला कुणाला पडला नाही. बंदी आली, बातमी झाली, प्राणिमित्र पेढे वाटून मोकळे झाले. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, मार्च २०१५ पासून, राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी आली. शेतात ट्रॅक्टर आधीच आलेला. म्हणजे शेतकऱ्यानं बैल पळवायचा नाही, विकला तर घेणारा नाही, कामाला लागत नाही, आणि दावणीला बांधून रोजची वैरण घालायची. दुष्काळाच्या वर्षात. दोन बंद्या दोन वेगवेगळ्या लोकांनी दोन वेगवेगळ्या कारणांसाठी घातल्या, तिसरा ट्रॅक्टर, आणि तिन्हींच्या मध्ये तो बैल उभा.

मामाकडं त्या वेळी दोन होते. शंभू आणि गुलब्या. शंभू पळायचा. गुलब्या चांगला दिसायचा, शिंगं अशी की सुतारानं तासून बसवलीत, अंगानं कोसा, पण घाटात अर्ध्यावर गेलं की मंद व्हायचा, त्याला ती घाई कधी कळलीच नाही. शंभूला मामानं बंदीच्या सगळ्या वर्षांत सांभाळला, पहाटे चोरून माळावर पळवायचा, आज ना उद्या उठेल बंदी म्हणून. गुलब्या एका सुट्टीत मी गेले तर नव्हता. मी विचारलं गुलब्या कुठंय, तर मामा म्हणाला दिला. कुणाला दिला, तर बाजारात दिला. कुणी घेतला, तर एक जण आलेला घाटावरचा. आणि मग मामा नांगराचा फाळ कुठं ठेवलाय ते शोधायला उठला, ज्या घरात दहा वर्षं नांगर नाही. मामी माझ्याकडं बघून मानेनंच म्हणाली, नको विचारू.

शर्यतीच्या बाजूनं सगळ्यात दमदार जो मुद्दा आहे तो खिलारचा. सोलापूर, सांगली, सातारा या पट्ट्यातली ही जात, काटक, तापट, पांढरीशुभ्र, आणि दुधाला जेमतेम. वासरू पाजून उरेल तेवढंच. ट्रॅक्टर आल्यावर या जातीला काम राहिलं नाही. शर्यत आहे म्हणून खोंडाला भाव येतो, खोंडाला भाव येतो म्हणून शेतकरी गाय ठेवतो, नाहीतर त्यानं जर्सी किंवा होल्स्टीन बांधली असती. हे खरं आहे, मी खरसुंडीच्या, पुसेगावच्या यात्रेच्या बाजारातल्या किमती ऐकलेल्या आहेत, आदत खोंडाचा, म्हणजे ज्याचे अजून दुधाचे दातसुद्धा पडलेले नाहीत त्याचा, नुसत्या चालीवर लाखांत सौदा होतो. शर्यत बंद असती तर यातली निम्मी खोंडं जन्मालाच आली नसती.

पण हाच मुद्दा थोडा पुढं नेला की काय दिसतं बघा. भाव कशाला आहे, तर पळणाऱ्याला. दहा खोंडं जन्मली तर त्यातलं पळणारं किती? एखादं. चार महिने रपेट देऊन बघतात, चाल नाही दिसली की त्याचा भाव आदतचा दुसा व्हायच्या, म्हणजे पहिले दोन पक्के दात यायच्या आत उतरलेला असतो. म्हणजे ही जात वाचतेय ती जात म्हणून नाही, सेकंद म्हणून. वाचवलेल्या एका बकासुरामागं न पळालेले किती गेले आणि कुठं गेले हे कुठल्याही रीलमध्ये येत नाही. मैदानावर चिठ्ठ्या निघतात, गट पडतात, हजारो बैल येतात, फायनलला मोजकेच राहतात, ट्रॅक्टर, थार, बुलेट घेऊन जातात, २०२२ ला चिखलीच्या घाटात तर बक्षिसात जेसीबी होता. बाकीचे पिकअपमध्ये चढतात आणि जातात. दुपारचं ऊन, मागं लोखंडी पत्रा, आणि मालकाचं तोंड उतरलेलं. सकाळी ज्याच्या अंगावर गुलाल टाकायला पोरं धावत होती त्याच्याकडं संध्याकाळी कुणी बघत नाही, हे मी बघितलंय, आणि बैलाला त्यातलं काय कळतं माहीत नाही पण मालकाचा हात कसा पडतोय हे त्याला नक्की कळतं.

मला म्हणून ते क्रूरता की परंपरा हे भांडण आता निम्मं बिनकामाचं वाटतं. दांडक्याला खिळा लावणारा, बॅटरीचा करंट देणारा, शेपटी चावणारा, यांना पकडा, आत टाका, त्यात वाद काय आहे, गाडामालक संघटनासुद्धा उघडपणे त्यांच्या बाजूनं बोलत नाहीत. पण समजा उद्या एकही काठी उठली नाही, सगळे नियम शंभर टक्के पाळले गेले, तरी माझा प्रश्न तसाच राहतो. आपण एका जनावराचं आख्खं जगणं आपल्या मजेवर टांगलंय. शेतीचं काम होतं तेव्हा त्याच्यावर अन्याय नव्हता असं नाही, आसूड तेव्हाही होता, पण मंद बैलालाही नांगराला जागा होती. शेवटून पहिला आला तरी संध्याकाळी वैरण मिळायची, कारण उद्या पुन्हा कुळवाची पाळी घालायची असायची. मजेच्या धंद्यात शेवटून पहिल्याला जागा नसते. हे घोड्याला लागू आहे, सर्कशीतल्या हत्तीला लागू होतं, लग्नात नाचवायच्या घोडीला आहे, आणि खरं तर माणसांच्याही काही खेळांना आहे पण माणसाला निदान दुसरी नोकरी शोधता येते.

बंदी घाला असं मी म्हणत नाहीये. एकदा घालून बघितली, सात वर्षं, शर्यती चोरून चालू राहिल्या, पहाटे, डॉक्टर नाही, अँब्युलन्स नाही, आणि गुलब्या गेला तो त्याच काळात. चालू राहू दे असं नुसतं म्हणायलाही जीभ रेटत नाही. मला एक साधी गोष्ट करता येण्यासारखी वाटते. हल्ली प्रत्येक जनावराच्या कानात तो पिवळा बिल्ला असतो, बारा आकडी नंबरचा, सरकारी लसीकरणाच्या वेळी मारतात तो, आणि तो नंबर कॉम्प्युटरवर चढलेला असतो. शर्यतीला नाव नोंदवताना तो नंबर घ्या. आणि ज्या आयोजकाला पुढच्या वर्षी परवानगी हवी आहे त्यानं, गेल्या वर्षी त्याच्या मैदानात पळालेल्या प्रत्येक नंबरचं आज काय चाललंय, कुठल्या दावणीला आहे, विकला तर कुणाला, मेला तर कशानं, हे लिहून द्यावं. जेसीबी बक्षीस द्यायला पैसे आहेत तर हरलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या बैलांच्या वैरणीला त्यातला चौथा हिस्सा बाजूला काढा. घोडीचाही नंबर घ्या. बैल पळवून मजा घ्यायची तर त्याच्या न पळण्याचाही खर्च आपला, पब्लिकचा, माझाही, तिकीट लावा हवं तर, मी भरीन.

हे मी मामाला ह्या वर्षी यात्रेला गेले तेव्हा सांगितलं. शंभू आता म्हातारा झालाय, मामाच्याच गोठ्यात असतो, पंख्याखाली, नुसता बसून. मामानं सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये बोलला नाही, आणि मग म्हणाला, "अगं असं विचारायला लागले ना, तर निम्मे गाडामालक नावच नोंदवणार नाहीत."

मी म्हटलं, मामा, निम्मेच?

मामा म्हणाला, "तुझ्या मामीला सांग चहा टाकायला." मग थोड्या वेळानं, चहा पिताना, स्वतःहूनच म्हणाला की घोडीचं जे बोललीस ते मात्र बरोबर आहे, ते मी कमिटीत काढतो.